डावऱ्याची माती: उमरी ते रेणापूर

माझी तक्रार पंख्याविषयी आहे. मराठवाड्यात पाहुणा टेकला, की त्याच्या डोक्यावरचा पंखा पाचावर करणे हा सतरावा संस्कार मानतात. निजामाविरुद्ध भूमिगत लढलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करत मी हिंडतो, आणि माझ्या यंत्रात त्यांच्याहून पंखाच जास्त बोलतो. बंद करा म्हणावं, तर यजमानाचा अपमान.

तरी निघालो. नांदेडहून सकाळची पॅसेंजर धरा. मुदखेडला गाडी थांबते तेवढ्यात चहा होतो. उमरीला रिक्षा मिळते. फक्त ती भरल्याशिवाय हलत नाही. तिथून जवळच्या गावात आबा राहतात. नव्वदी कधीच ओलांडलेली. कान शाबूत, दात रजेवर. सुनेने पिठलं, भाकरी, जवसाची चटणी वाढली आणि अर्थातच पंखा लावला.

“आबा, सोबत्यांची नावं सांगा ना.”

“नावं न्हाईत. लढ्याच्या कॅम्पात नाव-गाव पुसायचं न्हाई, हा कायदा. पकडला अन् मारला, तरी काय सांगंल गडी?”

“आता कोण पकडतंय?”

“तुम्ही पकडलंय की सकाळपासून!” सून पदराआड हसली.

मग डावऱ्याचं निघालं. डाव्या हातानं बंदूक चालवायचा म्हणून डावऱ्या, बोलण्यावरून लातूरकडचा. रझाकारांची गोळी लागून गेला.

“जाळायला लाकडं गोळा केलती. तर गळ्यात लिंग दिसलं. एकजण म्हणला, ह्यांच्यात जाळत न्हाईत. मंग खड्डा केला, मांडी घालून बसवला, लिंग तळहातावर ठेवलं. घाई लई होती. पन बसवला.”

माझा घास हातातच राहिला. रेणापूरच्या एका लिंगायत घरातला मुलगा याच लढ्यात गेला आणि परतला नाही, हे मी ऐकून होतो. त्याची धाकटी बहीण, अक्का, येईल त्याला एकच विचारतात: दादाला जाळलं का बसवलं?

दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी. वाटेत अहमदपूरला सुशीला खा. चुरमुऱ्यांचा हा पदार्थ नावाने शालीन आहे, मिरचीने नाही. लातूरहून रेणापूर जवळच.

अक्का अंगणात शेंगा फोडत होत्या. आत नेलं, पंखा लावला. मी आबांचा आवाज सुरू केला, तशा त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच पंखा बंद केला. इतक्या वर्षांत हे प्रथमच पाहिलं.

“‘बसवला’ म्हणले ते पुन्हा लाव बाबा.”

लावलं. पुन्हा लावलं.

“दादा डावराच होता. जेवताना आई हातावर चापट मारायची.” त्यांनी आपला डावा तळहात उघडून पाहिला. “झालं मग. बसला माझा दादा.” माझ्या हातावर साखर ठेवली.

मी ती तिथेच तोंडात टाकली. ती साखर गोड लागली, हे कबूल.

घरी येऊन ध्वनिमुद्रण ऐकतो आहे. पंखा नसल्याने अक्कांचा श्वाससुद्धा स्वच्छ आलाय. पण लातूरकडून गेलेला डावखुरा लिंगायत पोरगा एकच असेल, असं थोडंच आहे? आबांना पुन्हा विचारून उपयोग नाही. नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. डावऱ्या दुसऱ्याच कुणाचा भाऊ असेल, तर ती बहीण अजून कुठेतरी हाच प्रश्न विचारत असेल, आणि तिचं उत्तर मी रेणापुरात देऊन आलोय. मला त्याची भीती वाटते.