माइकची वायर

आमच्या शेजारचे फौजी काका पेन्शन घेऊन पलूसला आले आणि आवाज घुमू नये म्हणून घरातल्या एका खोलीला गोणपाट ठोकून भजनं टेप करू लागले. माइकची वायर घ्यायला काकू आणि मी त्यांच्यासोबत सांगलीला गेलो. दुकानात काका एकेका वायरीनं माइक टेपला जोडत, रेकॉर्डिंग चालू करत, कानाला हेडफोन लावत आणि डोळे मिटून वायर पिळत. जरा खरखरली की ती बाजूला.

शेवटी काकू माइकसमोरच कडाडल्या, “आवं, यष्टी चुकंल! वायरीच कुरवाळत बसनार हाय व्हय?”

काका हरखले. “हीच द्या! घरी बोलती तश्शी ऐकू येतीया.” त्यांनी टेप मागं फिरवून काकूंना ऐकवला.

“आगं बया! मी अशी वरडती व्हय?”

परतीच्या एसटीत काकू अगदी हळू बोलत होत्या, आणि काका सारखे म्हणत होते, “मोठ्यानं बोल की. काय बी ऐकू येत न्हाई.”