सगळ्यांना 'तू' म्हणणारा लोहार

ईनॉक यार्नल हा आमच्या फिलाडेल्फियाचा लोहार दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. घरांच्या छपरांवर विजेपासून वाचवणाऱ्या लोखंडी दांड्या बसवणे हा त्याचा धंदा, आणि लहानथोर सर्वांना 'तू' म्हणणे हा त्याचा धर्म. तो क्वेकर होता. क्वेकर माणूस कुणापुढे टोपी काढत नाही, शपथ घेत नाही, हत्याराला हात लावत नाही आणि राजा जरी समोर आला तरी त्याला 'तू'च म्हणतो. माझे किराणा दुकान त्याच्या भट्टीसमोर होते, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकांचे रागाने लाल झालेले चेहरे मला नेहमी बघायला मिळत.

आमच्यावर राज्य करणाऱ्या समुद्रापलीकडच्या राजाच्या फौजेशी लढाई पेटली तेव्हा शहराच्या रक्षणासाठी एक समिती बसली. तिचे प्रमुख होते डॉक्टर फ्रँकलिन. विजेची दांडी मुळात त्यांच्याच डोक्यातून निघालेली. समितीने ठरवले, की नदीच्या तळाशी दगड भरलेले मोठे सांगाडे बुडवायचे आणि त्यांच्यावर लोखंडी टोकांचे ओंडके तिरपे रोवायचे. शत्रूचे जहाज त्यांच्यावरून जाऊ लागले की त्याचे बूड फाटलेच पाहिजे. ती टोके घडवून घ्यायला कॅप्टन लिस्टन भट्टीवर आले.

"यार्नल, माणूस भेटायला आला की टोपी काढावी."

"टोपी काढली तर ठिणग्या डोक्यावर पडतात. तू काम सांग."

कॅप्टनांनी कसाबसा राग गिळला आणि काम सांगितले. ईनॉकने विचारले, "ही टोकं कुणी कुणावर फेकणार का?"

"नाही. पाण्याखाली गप्प बसून राहणार."

"जो जबरदस्तीनं घुसेल त्यालाच लागणार?"

"त्यालाच."

"उद्या सांगतो."

त्याची बायको टेमर दारातून ऐकत होती. "उद्या काय सांगणार आहेस? तुझ्या तोंडावर आत्ताच दिसतंय. आपल्या क्वेकरांच्या प्रार्थनासभेतून काढतील तुला, ईनॉक. माझे आईबाप त्याच बाकांवर बसून म्हातारे झाले. तू परका ठरलास तर मी कुठं बसू?"

"तू तुझ्या जागी बस. मी करीन ते दार उघडं ठेवून करीन."

आणि तसेच केले. भर दिवसा, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असे तो टोके ठोकू लागला. काही आठवड्यांनी सभेतले वडीलधारे जोशुआ पेनक आले. त्यांच्या छपरावरची दांडीही ईनॉकनेच बसवलेली.

"ईनॉक, हे हत्यार आहे."

"जोशुआ, तुझ्या छपरावर मी दांडी ठोकली, ते विजेवर उगारलेलं हत्यार होतं का? ही टोकंही तशीच जागच्या जागी उभी राहणार."

"विजेला आई नसते रे, जहाजावरच्या पोरांना असते."

ईनॉकने हातोडा ऐरणीवर ठेवला. मग म्हणाला, "खरं आहे. पण या नदीकाठीही आया राहतात."

"मग एवढं लिहून दे, की चूक झाली, पश्चात्ताप आहे. सभा माफ करील."

"पश्चात्ताप झाला असता तर लिहिलं असतं. आपण शपथ घेत नाही, कारण आपला साधा शब्दच खरा असतो. तोच खोटा करू?"

जोशुआ मान खाली घालून निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात नवा देश जाहीर झाला. सगळी गल्ली चौकाकडे धावली, मीही धावलो. परत आलो तर भाता चालूच होता.

"अरे, जाहीरनामा ऐकायला आला नाहीस?"

"ऐकू आला इथवर. आता तो टिकवायचाय ना? तो चिमटा दे इकडे."

शरद ऋतूत डॉक्टर फ्रँकलिन सत्तरीच्या वयात समुद्र ओलांडून फ्रान्सकडे मदत मागायला निघाले. त्याच सुमारास ईनॉकचे नाव सभेत वाचले गेले : 'तो आता आमच्यातला नाही.'

रविवारी त्याने सभेला जायला टोपी घातली. टेमर म्हणाली, "आता कशाला जायचं?"

"यादीतून नाव काढलंय, बाकावरून मला नाही. प्रार्थनेला दार सगळ्यांना उघडं असतं."

तो पुरुषांच्या शेवटच्या बाकावर बसला. टेमर आईबापांची जागा सोडून बायकांच्या शेवटच्या बाकावर गेली. सभा नेहमीसारखी मुकाट प्रार्थनेत बसून राहिली, शेवटी हस्तांदोलने झाली आणि माणसे उठली. बाहेर अंगणात जोशुआ थेट त्यांच्याकडे येऊ लागले. टेमरने नवऱ्याची बाही घट्ट धरली. नाव काढलेल्या माणसाशी हे आता काय बोलणार, कसे बोलणार?

"ईनॉक, माझी दांडी हलायला लागलीय. तू कधी येशील?"

टेमरने बाही सोडली. दुसऱ्या दिवशी साखर घ्यायला आली तेव्हा तिनेच मला हे सांगितले. "आमच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च, परक्यासाठी वेगळा शब्दच नाही, हे मी भीतीनं विसरूनच गेले होते," म्हणाली आणि हसली.

"मग ईनॉक काय म्हणाला?"

"म्हणाला, येईन, पण आधी नदीचं काम."

"आणि जोशुआ?"

"जोशुआ म्हणाला, बरं, तोवर विजेला थांबायला सांगतो."