स्लिप रोडच्या पलीकडे

गेल्या मंगळवारी सकाळी मी आणि माझ्या सासूबाई मोटरवेच्या पुलापाशी उभ्या होतो. केंब्रिजबाहेरचं आमचं छोटंसं गाव अजून धुक्यातच होतं... खालून गाड्यांचा आवाज येत होता, लांबच्या समुद्रासारखा. आईंनी त्यांची निळी सायकल हातात धरली होती.

आई मूळच्या सांगलीच्या. मराठी शाळेत शिकवायच्या, आणि नोकरीची सगळी वर्षं शाळेत सायकलनेच गेल्या. बाबा गेल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून ही सायकल घेतली. गावातल्या लोकांच्या कॉफी मॉर्निंगला त्यांची मार्गारेटशी ओळख झाली. ती पलीकडच्या गावात राहते, तिथे तिची भाजी लावायची अलॉटमेंट आहे. तिने आईंना दोन वाफे देऊन टाकले... मग काय, रोज सकाळी आईंची स्वारी मेथीला पाणी घालायला निघायची. एकीला कमी ऐकू येतं, दुसरीचं इंग्लिश शाळेतलं. तरी दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत.

मध्ये फक्त मोटरवे. त्यावरून पूल आहे, पण पुलाआधी मोटरवेवर चढणारा स्लिप रोड ओलांडावा लागतो. मोटरवेला लागायचं म्हणून गाड्या तिथेच वेग घेतात. सिग्नल नाही, काही नाही... रस्त्याच्या मधोमध थांबायला एक इवलंसं आयलंड.

एके दिवशी आई त्या आयलंडवर अडकल्या. पुढे जाता येईना, मागे येता येईना. बाजूने लॉऱ्या गेल्या की सायकल हातात थरथरायची. शेवटी एका व्हॅनवाल्याने गाडी थांबवली तेव्हा कुठे त्या परत फिरल्या.

संध्याकाळी मी घरी आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "आज जरा वेळ लागला गं." दुसऱ्या दिवसापासून सायकल शेडमध्ये... मी विचारलं तर म्हणायच्या, "गुडघा दुखतोय." मीही विश्वास ठेवला... सुट्टीच्या दिवशी त्या खिडकीशी बसून पुलाकडे बघत राहायच्या, ते मला दिसत होतं, तरीही.

मग व्हिलेज हॉलमध्ये त्याच रस्त्याबद्दल मीटिंग होती. आई स्वतःहून म्हणाल्या, मला ने. भिंतीवर नकाशे लावले होते. कौन्सिलकडून आलेली हेलन नावाची इंजिनिअर सांगत होती की सध्या तिथे एक पाटी लावता येईल... सायकलवरून उतरून चालत जा, अशी.

आईंनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. उभ्या राहून हळूहळू, एकेक शब्द जुळवत इंग्लिशमध्ये बोलल्या. "मी उतरले होते. उतरूनसुद्धा वीस मिनिटं मध्येच उभी होते. माझ्या सुनेची गाडीपण गेली तिथून. मी हात केला... पण ती समोर बघत होती. ती फार चांगली गाडी चालवते."

हॉलमध्ये लोक हसले. मला हसता येईना. मी रोज त्याच वेळी त्या स्लिप रोडवरून ऑफिसला जाते. त्या दिवशीही गेले होते... मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

परतताना मी गाडीत रडले. आई म्हणाल्या, "अगं, तिथे सगळे समोरच बघतात. तुझा काय दोष?"

मीटिंग संपल्यावर हेलन आईंपाशी आली होती. "उद्या सकाळी मला तिथे घेऊन जाल?" असं तिने विचारलं. आणि खरंच आली, पिवळं जॅकेट घालून. आईंची सायकल स्वतःच्या हातात घेतली आणि ओलांडायला निघाली. दोनदा पाऊल पुढे टाकलं, दोनदा मागे घेतलं. तिसऱ्यांदा आईंनी तिचा दंड धरला.

"मी इथून कायम गाडीने गेलेय," ती म्हणाली. "पायी आज पहिल्यांदा उभी आहे."

त्यानंतर बरेच महिने गेले. आई सांगलीला गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. हेलनचे ईमेल अधूनमधून यायचे... पैसे मंजूर झाले, डिझाईन बदललं, काम लांबलं. या उन्हाळ्यात आई आल्या तेव्हा तिथे ओलांडायला रुंद वाट होती, सिग्नल होता, आणि खांबावर बटण.

आई मात्र म्हणत होत्या, "मला नाही जमायचं आता." मंगळवारी मी जवळजवळ हट्टानेच त्यांना घेऊन गेले. सुट्टी नव्हती घेतली, ऑफिसला फक्त उशीर होईल म्हणून कळवलं होतं.

त्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने सिग्नलवर हिरवा माणूस लागला, शेजारी हिरवी सायकल. धुक्यातून आलेल्या गाड्या एकामागोमाग एक थांबल्या... लॉरी, व्हॅन, सगळं. अचानक इतकं शांत झालं की झाडावरचे पक्षी ऐकू आले.

आई हलल्याच नाहीत. दिवा लाल झाला, गाड्या निघून गेल्या.

"अहो आई, काय झालं? भीती वाटली?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "बघत होते. एवढ्या गाड्या माझ्यासाठी थांबल्या..."

मग पुन्हा बटण दाबलं. या वेळी त्या निघाल्या, सायकल हातात धरून, सावकाश, अगदी मधोमध. पलीकडे पोचल्यावर मागे वळून, थांबलेल्या प्रत्येक गाडीला नमस्कार केला. लॉरीवाल्याने हात हलवला. त्या सायकलवर बसल्या आणि पुलावरून जात जात धुक्यात दिसेनाशा झाल्या.

मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

हेलन, तुला मराठी येत नाही, हे तू वाचणार नाहीस. तरी थँक यू... त्या सकाळी गाडीतून खाली उतरल्याबद्दल.