सात नंबर, पाच नंबर आणि बांधलेली चाकं

मी दुकानात बसून लॅपटॉपची परीक्षा घेतली, हे ऐकून आमच्या सोनईतले लोक अजून हसतात. हसू देत. मी स्वतःला इतकी वर्षं हसत आले आहे की लोकांचं हसणं आता मला शिळं वाटतं.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. माझी नात नगरला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. घराचा नकाशा काढायचा, मग तेच घर पडद्यावर उभं करायचं, भिंतींवर ऊन पाडायचं, दारात सावली टाकायची, असलं तिचं शिक्षण. तिचा जुना लॅपटॉप एका घराचं चित्र तयार करायला दुपारची भांडी घासल्यापासून संध्याकाळच्या धारेपर्यंत वेळ घ्यायचा, आणि शेवटच्या खिडकीला आला की डोळे मिटायचा. वर्ग पुढे, ही मागे. शेवटी माझा मुलगा म्हणाला, "नवा घेऊन देतो. पण एकदाच. शिक्षण होईस्तोवर पुन्हा मागायचं न्हाई."

म्हणजे चुकीचा घेतला, तर पुढची तीन वर्षं पोरीने तो चुकलेलाच रेटायचा.

आम्ही तिघं नगरच्या दुकानात गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी चप्पल घालून आधीच एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले होते. दुकानदाराने दोन लॅपटॉप काढून ठेवले. भाव दोन्हींचा जवळजवळ सारखाच. एक चांदीसारखा चकचकीत, भाकरीएवढा पातळ. त्यात सात नंबरचा प्रोसेसर. दुसरा काळा, वरवंट्याखालच्या पाट्यासारखा जाड. त्यात पाच नंबरचा. प्रोसेसर म्हणजे काय ते नातीने मला एसटीतच सांगितलं होतं: लॅपटॉपच्या आत बसून काम ओढतो तो. मला तेवढं पुरे झालं.

मुलाने चकचकीतवर हात ठेवला. "तेवढ्याच पैशात सात मिळतोय, तर पाच कोण येडा घेईल?"

"बरोबर बोलले दादा," दुकानदार म्हणाला.

नात हळूच म्हणाली, "पप्पा, नुसता नंबर नसतो बघायचा. सात आहे, पण तो पातळ अंगातला, कमी विजेवर चालणारा. जास्त वेळ काम दिलं की तापतो आणि..."

"तू गप. उद्या पाहुणे म्हणतील, पोरीला कमी नंबरचा घेऊन दिला."

महिनाभर वाचून, मैत्रिणींना विचारून तिने पाच नंबर पक्का केला होता. तरी ती काउंटरच्या काचेवर बोटाने रेघा ओढत राहिली. ते बोट बघितलं आणि मला एक बया आठवली.

एकोणीस वर्षांची, नाकात नवी चमकी, अंगात चार गावची अक्कल असल्याचा भ्रम. मालकांनी तिला याच नगरात शिलाई मशीन घ्यायला आणलं होतं. गोधड्या शिवायच्या होत्या. दुकानात दोन मशिनी. एक काळी ठिक्कर, जड पायाची, बिनशोभेची. दुसरीवर सोनेरी वेल आणि दोन्ही बाजूंना मोर. बयेने मोराकडे बोट केलं. चालवून बघितली का? बघितली की! रुमालाएवढ्या चिंधीवर. घरी येऊन गोधडीचे पाच थर खाली सरकवले, तेव्हा मोरांनी माना टाकल्या. दोरा तुटे, सुई मोडे.

पण कबूल करील तर ती मी कसली! घरचे शेतात गेले की मी दार लोटून गोधड्या हाताने शिवायची, आणि माणसं परत यायच्या सुमाराला रिकाम्या मशीनवर पाय मारून खटखटाट करायची. सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगायच्या, "आमच्या सुनेची मशीन काय पळती!" आणि सून आत बोटांना हळद लावत बसलेली. अकरा वर्षं हे नाटक चाललं. एवढी हुशार बाई या जिल्ह्यात दुसरी झाली नसेल.

माझे वडील घोडेगावच्या बाजारातून बैल आणायचे. शिंगं रंगवलेली असोत की पाठीवर झूल असो, ते गाडीची चाकं दोराने करकचून बांधायला लावायचे, वर चार माणसं बसवायचे आणि म्हणायचे, "आता ओढू दे." पहिल्या हिसक्याला ते कधी भाळले नाहीत. हिसका कोणीही देतो, चढ लागला की दम किती टिकतो ते बघायचं. माझी मोरांची मशीन बघायला आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ओढून पाहिलीस का?"

बया फणकाऱ्याने म्हणाली, "आबा, मशीन हाय ही, बैल न्हाई."

तर त्या दिवशी दुकानात मी म्हणाले, "शेठ, दोन्हींची चाकं बांधा. पोरीचं काम दोघांकडनं ओढून घ्या. मग ठरवू."

दुकानदार हसला. "आजी, लॅपटॉप आहे हा, बैल नाही."

मला असं काही हसू फुटलं की मुलगा घाबरला. "हे वाक्य माझं हाय," मी म्हणाले. "लई महाग पडलंय मला."

दुकानदार गंभीर झाला. "दाखवायला ठेवलेले नग आहेत. त्यात बाहेरचं काही टाकता येत नाही."

"टाकायचं नाही," नात म्हणाली. "माझं सगळं पेनड्राइव्हवरूनच चालतं."

"तसा नियम नाही आमच्यात."

"मग मी बसते," असं म्हणून मी स्टूल ओढून बरोबर काउंटरच्या मधोमध बसले आणि पदरातली शेंगांची पुरचुंडी सोडली.

"आई, ऊठ. लोक बघत्यात," मुलगा कानाशी लागला.

"बघू दे. दुकानात बघायलाच येत्यात."

मी शेंगा फोडत राहिले. चार्जर घ्यायला आलेले एक मास्तर म्हणाले, "चालवा की शेठ, मलाही बघायचंय." मी त्यांना मूठभर शेंगा दिल्या. आणखी दोघं थांबले. शेवटी शेठने दोन्ही लॅपटॉपना वायरी जोडल्या.

नातीने आमच्याच वस्तीवरचं घर आणलं होतं, गोठ्यासकट. दोन्हींवर एकदमच चालू केलं. सात नंबरने असा हिसका दिला की पाच नंबरचं जोतं होईस्तोवर ह्याच्या भिंती उभ्या.

"बघा!" शेठ म्हणाला. मुलाने माझ्याकडे असं बघितलं, की आता तरी ऊठ. खरं सांगते, माझ्या तोंडातला दाणा तसाच राहिला. पोरीचं वाचणं चुकलं असेल, तर तिला गप्प बसवायला मीच कारण दिलं होतं.

"थांबा," नात म्हणाली. "अजून चढ लागला नाही." चढ! हा शब्द तिने माझ्या गोष्टींतून माझ्या बापाचा उचलला होता.

दहा मिनिटं गेली असतील. सातचा पंखा सुस्कारे टाकायला लागला. बैलाच्या कुशीवर ठेवावा तसा मी त्याच्यावर तळवा ठेवला आणि झटकन काढला, तवाच तो. घर छपराशी येऊन रेंगाळलं. पाच नंबरही आवाज करत होता, मागून गरम वारा फेकत होता, पण त्याची चाल मोडली नव्हती. त्याने छप्पर घातलं, गोठा केला, दारात सावली टाकली आणि थांबला. सातचा गोठा अजून अर्धा.

सातला मी नावं ठेवणार नाही. हलका, देखणा, बॅटरी जास्त पुरणारा. ज्याला पत्रं लिहायची, सिनेमा बघायचा, त्याने खुशाल न्यावा. आमचं ओझं त्याचं नव्हतं.

शेठ म्हणाला, "पण आजी, रोज एवढं कोण चालवतं?"

"मी चालवते," नात म्हणाली. एवढ्या मोठ्याने, की मास्तरांनी शेंग फोडायची थांबवली. मग बापाकडे वळून, "पप्पा, पाच घ्यायचा."

मुलाने त्या अर्ध्या गोठ्याकडे बघत विचारलं, "पाहुण्यांना काय सांगायचं?"

"सांग, ओढून पाहिला," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत त्याने खोचक विचारलं, "एवढी पारख हाय, तर तुझी ती मोरांची मशीन कशी पाच-पाच थर ओढायची?"

"एकसुद्धा गोधडी ओढली न्हाई तिनं. तू पांघरलीस ती सगळी हाताची." त्याने माझा हात ओढून घेतला आणि बोटं उलटसुलट करून बघितली. नात मात्र खिडकीत तोंड घालून हसत होती.

आता तो काळा लॅपटॉप त्याच मशीनच्या फळीवर असतो. परवा नातीने फुलांचे स्टिकर आणले आणि भीत भीत विचारलं, "आजी, लावू का याच्यावर?"

"लाव की," मी म्हणाले. "मोर मिळाले तर ते पण लाव. ओढून पाहिलंय आपण."