उभ्या स्क्रीनवर आयचा पाय

रविवारी आमच्या पाड्यावर तारपा वाजला, आणि मी चेन्नईच्या बाजूला एका खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो… सुट्टी मिळाली नव्हती.

पाडा आमचा वाणगाव स्टेशनपासून बराच आत. आठवीत शाळा सोडली, मग बोईसरला कंपनीत लागलो, तिथून वापी, तिथून सुरत, आता इकडे गोडाऊनमध्ये. याचं बूड एका जागी टिकत नाही, असं आय म्हणते… खोटं नाही ते.

या पावसाळ्यात आय शेताच्या बांधावरून घसरली. पालघरला नेलं, पायात प्लेट टाकली. तेव्हापासून रोज फोनवर विचारतो, पाय कसा आहे, आणि ती म्हणते, बरा हाय. व्हिडिओ कॉलवर नुसतं तोंड दिसतं. पाय दाखव म्हटलं की नेमकं नेटवर्क जातं… माझी बहीण मनीषा घरीच असते, ती पण तिला सामील.

म्हणून ठरवलं, नव्या भाताच्या नाचाचं लाइव्ह करायचं. आय नाचायला उभी राहिली की पाय आपोआप दिसेल. सगळ्यांना मात्र सांगितलं, बाहेरगावी कामाला गेलेल्या आपल्या पोरांना बघायला मिळेल. ते पण खरंच होतं म्हणा…

माझा रूम पार्टनर गेम खेळताना लाइव्ह जातो, त्याच्याकडून सॉफ्टवेअर शिकलो. मनीषाच्या मोबाइलवरून व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर येणार आणि इथून मी तो उभा करून पेजवर सोडणार. पहिल्या टेस्टला आडवाच गेला. वर काळं, खाली काळं, मधे एक पट्टी आणि त्यात आमची गाय मुंगीएवढी. सेटिंगमध्ये १९२० आणि १०८० हे आकडे उलटे टाकायचे असतात, एवढंच. ते कळेपर्यंत माझं डोकं उलटं झालं होतं.

आवाजाची तर वेगळीच गंमत. आमचे लक्ष्मणकाका तारपा वाजवतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तारपा म्हणजे भोपळ्याचं लांब वाद्य, एकसारखं घुमत राहतं. काकांनी टेस्टसाठी फुंकला… कोंबडा ऐकू येतोय, मनीषाचं हसणं ऐकू येतंय, तारपा गायब! गोंगाट गाळायचं सेटिंग चालू राहिलं होतं, आणि सॉफ्टवेअरला तारपा म्हणजे पंख्याची घरघर वाटली. काकांना सांगितलं तर म्हणाले, "पंखा आसंल त्याचा बा."

रविवारी उजेड आहे तोवर सुरू करा म्हणून मनीषाने सगळ्यांना विनवलं. लाइव्ह लागलं. आवाज मस्त, चित्र उभं… आणि स्क्रीनभर पाठी. नुसत्या पाठी.

आमच्या नाचात काका मधे असतात. बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्यांच्याभोवती फिरतात, आणि तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. मग बाहेर उभं राहिलेल्याला काय दिसणार? तीन पाठी आणि वर भरपूर आभाळ. त्यात आय कोणती, तेच कळेना. बोईसरच्या जुन्या दोस्ताने कमेंट टाकली, "भाई, तुम्हारे गाँव में मुँह नहीं होता क्या?"

मनीषाला मेसेजवर मेसेज केले, आत जा. ती जाईना. मागे एकदा शहरातून आलेला एक जण रील काढायला मधे घुसला होता, तर काकांनी तारपा खाली ठेवला आणि बिडी पेटवून बसले. त्या दिवशी पुन्हा वाजवलाच नाही. पण मी ऐकेना… शेवटी गेली बिचारी.

तारपा थांबला. मला वाटलं, संपलं. माझ्यापायी सगळ्या पाड्याचा नाच बंद पडला.

हे काय चाललंय, असं काकांनी विचारलं. दादा तिकडून बघतोय, मनीषा हळूच म्हणाली.

मग काकांचा आवाज आला, "मंग त्याला बाहेर कशाला उभा केलास? पावना हाय का तो? मधी घे त्याला."

स्वतःच्या बाजूला त्यांनी बांबू रोवला, मोबाइल फडक्याने त्याला बांधला, आणि मनीषाला नाचायला पिटाळलं.

मग सगळे माझ्यासमोरून जायला लागले… एकेक करून. उभ्या स्क्रीनमध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत बरोबर मावतो. हात अडकलेले, म्हणून कोणी मान हलवून गेलं, कोणी जीभ काढून. आणि मग आय आली. एका बाजूला मनीषा, दुसऱ्या बाजूला शेजारची जमनाकाकू.

पाय बरा नव्हता. डावा टेकला की सगळं अंग उजवीकडे कलत होतं. पण दोघींनी कमरेत असा हात घातला होता की पडायची सोयच नव्हती. माझ्यासमोर आल्यावर ती सरळ मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "बघून घे एकदाचा. काय लपवत नाय आता."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं…

रडू आलं, खोटं कशाला बोलू. डोळे पुसून परत बघायला लागलो, तेव्हा कुठे लक्षात आलं. काकांचा तारपा माणसाला पळवतो, दम काढतो, त्या दिवशी तो संथ चालला होता. जोरात वाजवा म्हणून नेहमी ओरडणारी पोरंसुद्धा गप्प होती. अख्खी रांग आयच्या पायाने चालत होती.

मी इतक्या लांबून रोज विचारत होतो, पाय कसा आहे. पाड्यात कोणी तिला विचारलंही नसेल… त्यांनी आपली पावलं तेवढी लहान केली.