मावशींनी जीप पसंत केली

माझ्या मावससासूबाईंइतक्या परक्या गाड्यांखाली शिरलेली दुसरी बाई नागपुरात सापडली, तर मी तिच्याही पाया पडेन. वय चौसष्ट, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि हातात टॉर्च. मालक विकायला काढलेल्या गाडीचं कौतुक करत असतो तोवर या जमिनीवर चादर पसरून चेसिसखाली नाहीशा झालेल्या असतात. आयुष्यभर नर्स म्हणून खेडोपाडी फिरल्या. कुणाला काय होतंय ते त्याच्या सांगण्यावरून ठरवायचं नाही, स्वतः हात लावून पाहायचं, ही सवय हाडात मुरलेली. "जवाईबापू, तुम्ही बी या खाली," असा आतून हुकूम येतो. जावयाचा मान म्हणतात तो मी असा पाठीवर पडून, तोंडावर गंजाचे कण झेलत उपभोगला आहे.

हे सगळं सुरू झालं त्यांच्या थोरल्या बहिणीपायी. काटोलच्या पलीकडे संत्र्याच्या बागेत त्या एकट्या राहतात. पावसाळ्यात तिथल्या वाटेची काळी माती साधी गाडी गिळून टाकते. गेल्या वर्षी त्या चार दिवस तापानं पडून होत्या. शेवटी शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून त्यांना बाहेर काढलं. नागपूरला यायला मात्र साफ नकार. तेव्हापासून मावशींना चैन नाही. चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप हवी, साठवलेल्या पेन्शनीत बसणारी हवी, आणि पावसाच्या आत हवी. "या वयात जीप? लहानशी कार घे," असं माझ्या सासूबाई म्हणाल्या, तर उत्तर आलं, "घेतो. अन् चिखलात फसली का ढकलाले तू येजो."

मग दर रविवारी सकाळी सहाला त्यांचा फोन. मी चहा गाळेपर्यंत त्या फाटकात उभ्या, आणि चहा हातात देईपर्यंत पुन्हा रस्त्यावर. कळवून जायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा मीच भिडेखातर एका मालकाला फोन केला, तर त्यांनी पोचताक्षणी बोनेटवर तळवा ठेवला. "काहून गा, गरम काहून हाये? थंड असली का उठत नाही वाटते, म्हणून आधीच उठवून ठेवली?" मालक माझ्याकडे पाहत राहिला, मी चपलांकडे. धरमपेठेत एका तरुणाची जीप पाहिली. रुंद टायर, टपावर दिव्यांची रांग, आत गाण्यांचा थाट. मावशींनी चारही चाकं जोडणारा दांडा ओढला, तो हलेचना. "हा कधी टाकलाच नाही मी," तो भाबडेपणानं म्हणाला. "मंग ही शोभेची हाये, बापू. मले कामाची पाहिजे."

मृगाला आठवडा उरला तेव्हा त्यांची झोप उडाली होती. शेवटी खापरखेड्याच्या कॉलनीत एका निवृत्त फिटरकडे आम्ही गेलो. जीप रंग उडालेली, डावा दरवाजा चेपलेला. फिटरनं कौतुकाचा एक शब्द काढला नाही. "दुसरा गिअर अडते. वायपर एकच चालते. चेसिसले एका जागी वेल्डिंग हाये, या, दाखवतो," म्हणत तोच खाली शिरला. मावशी त्याच्या मागोमाग. बराच वेळ खालून दोघांचं बोलणं ऐकू येत राहिलं. मग साडीला माती तशीच ठेवून त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "हा माणूस दुखणं लपवत नाही. घेऊन टाकू."

श्रावणात आम्ही बागेत गेलो. वाटेत दोनदा जीप चिखलात आडवी घसरली, माझ्या तोंडून देवांची नावं निघाली, मावशी दांडा ओढून पुढे निघाल्या. थोरल्या मावशी ओसरीत बसल्या होत्या. नागपूरचा विषय काढताच त्यांनी मान फिरवली. पण जीपकडे पाहत हळूच म्हणाल्या, "तिकडे बागेच्या मागच्या टोकाले जाते का वं ही? गुडघ्यापायी तीन साल झाले, पाहिलं नाही."

त्यांना पुढे बसवलं. झाडांच्या ओळींमधून आम्ही डुलत गेलो. ओल्या फांद्या आत येत होत्या, आणि त्या हात बाहेर काढून एकेक पान हातातून सोडत होत्या. टोकाला लहान झाडं होती. तीन वर्षांपूर्वी कलमं लावली तेव्हा घोट्याएवढी होती म्हणे. आता थोरल्या मावशी शेजारी उभ्या राहिल्या असत्या, तर त्यांच्या खांद्याला लागली असती.

"फिरवू का गाडी घराकडे?" मावशींनी विचारलं.

"थांब वं जराशी."

मावशींनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. मी मागच्या सीटवर पाय आखडून बसलो होतो. तसाच बसून राहिलो.