शैलाताईंचं दहावं गाणं

शैलाताई तुरीची डाळ शिजवण्याआधी वाजवून बघायच्या. स्टीलच्या डब्यात मूठभर डाळ, वर घट्ट झाकण आणि मनगटाची बारीक हालचाल: खस-खस, खस. भोकरच्या आमच्या शाळेत त्या संगीत शिकवायच्या, मी गणित. मधल्या सुट्टीतही त्यांचा डबा चालूच. "सर, ही ब्राझीलची चाल हाय," त्या सांगायच्या. "तिकडं कानात सांगितल्यागत गातेत. बोंबलायला आपल्याकडं मंडपवाले हायतच की!"

नांदेडच्या घरी, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगून, त्या एकट्यानं अल्बम रेकॉर्ड करत होत्या. गिटार त्यांची, शब्द त्यांचे, ठेका ब्राझीलचा. गाण्यात मधेच कुकरची शिट्टी, अंगणातल्या झाडूचा आवाज. मला निम्मं कळायचं नाही, पण अंगावर काटा यायचा. दहा गाणी करायची होती. नऊ झाली आणि घशात गाठ निघाली.

स्वरयंत्र काढावं लागेल, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आवाज दिवसातून जेमतेम दहा मिनिटं टिकायचा. म्हणून शैलाताई आठवडाभर पाटीवर लिहूनच बोलल्या. रविवारी दहावं गाणं रेकॉर्ड करायचं आणि सोमवारी लातूर गाठायचं, असं ठरलं. मदतीला मी.

आणि मी मूर्ख! स्टाफरूममध्ये ऑपरेशनचं सांगून बसलो. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. रविवारी सकाळपासून रीघ लागली. नायगावची नणंद आली, शेजारणी आल्या, हेडसर सहकुटुंब आले. "लई काळजी वाटली बघा. बोला की, आवाज कसा निघतोय बघू?"

"त्यांना बोलायला लावू नका हो," मी विनवत होतो. पाटी पुढं करत होतो. पण दारात आलेल्या माणसासमोर पाटी धरायची? शैलाताईंना ते जमेना. प्रत्येकाला तेच, घोगऱ्या आवाजात, हसून: "या, बसा. चहा घेता?" दर खेपेला आवाज आणखी बसत होता. मला दार लावायची हिंमत झाली नाही. माझ्याच तोंडानं बोलावलेली माणसं ती, हाकलणार कसं?

दिवेलागणीला घर रिकामं झालं. शैलाताई माईकसमोर बसल्या. त्यांची गिटार वाजली, माझ्या हातातली डाळ वाजली. त्यांनी तोंड उघडलं आणि नुसता श्वास आला. तीनदा प्रयत्न केला, तीनदा श्वासच. मला रडू आवरेना. त्यांनी पाटीवर लिहिलं, "राहू द्या सर. रेकॉर्ड झालं हाय तसंच ठेवा."

ऑपरेशननंतर भेटायला गेलो, तर घर पुन्हा माणसांनी भरलेलं. मी मान खाली घालून कोपऱ्यात बसलो. शैलाताईंनी पाटी पुसली, काहीतरी लिहिलं आणि हसून माझ्यासमोर धरली.

"या, बसा. चहा घेता?"

मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार?